दोन मुली आणि एक तालीम: मराठीत टीनएज क्वीअर प्रेमाची कादंबरी कशी लिहायची

नववी-दहावीतल्या मुलांसाठी मराठीत कादंबरी लिहायची म्हटलं की डोक्यात आधी साहसकथा येते, किल्ला, चोर, रहस्य वगैरे, आणि प्रेम आलंच तर एक मुलगा एक मुलगी. ज्या मुलीला वर्गातली दुसरी मुलगी आवडते तिने मग काय वाचायचं? इंग्रजीत ढीगभर पुस्तकं आहेत पण त्यांतली शाळा, प्रॉम, लॉकर, स्कूल म्युझिकल हे सगळं तिच्या शाळेपासून लांबच असतं. तिच्यासाठी लिहायचं असेल तर शाळेतल्या नाटकासारखी दुसरी जागा नाही असं मला मनापासून वाटतं, कारण तालमीत जे करायला सांगतात ते एरवी कुणी करूच देत नाही. समोरचीच्या डोळ्यांत बघ, हात धर, अजून जवळ ये, लाजू नकोस, हां आता बोल. आणि हे कोण सांगतंय तर बाई! घरी गेल्यावर मात्र तेच वाटणं कुणाला सांगायची सोय नाही. तालमीत परवानगी आहे आणि तालमीबाहेर नाही, या फटीत तुमची अख्खी कादंबरी बसते, बाकी सगळं त्याच्यावर रचायचं.

खाली जे सांगतेय ते एकाच उदाहरणावर सांगते म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. उदाहरण पटलं तर तसंच उचला, नाहीतर तुमच्या गावाचं घ्या.

आधी गाव आणि साल ठरवा, मग माणसं

"एका छोट्या शहरात" असं लिहू नका, त्यातून काहीच मिळत नाही. गाव पक्कं केलं की निम्मी गोष्ट आपोआप मिळते. मी सांगली घेते. १८४३ साली ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' तिथेच केलं आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, त्यामुळे सांगलीतल्या शाळेत नाटकाला एक वजन असतं, हेडबाईंना नको म्हणणं जरा जड जातं.

साल फार महत्त्वाचं आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल तीनदा फिरलाय, २००९ च्या जुलैत दिल्ली हायकोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या नात्याला ते लागू नाही असं सांगितलं, २०१३ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानेच सज्ञान माणसांमधलं संमतीचं नातं गुन्हा नाही असं सांगितलं. म्हणजे २०१४ सालची पंधरा वर्षांची मुलगी आणि २०१९ सालची पंधरा वर्षांची मुलगी टीव्हीवर वेगवेगळ्या बातम्या ऐकतात, जेवताना घरातले मोठे वेगवेगळं बोलतात किंवा चॅनल बदलतात. मी जून २०१९ ते मार्च २०२० असं एक शाळेचं वर्ष घेईन, आणि दोघी दहावीत.

का ते बघा. जूनमध्ये शाळा सुरू. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला तो पूर. आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात, मारुती चौकात पाणी, शाळांमधून पूरग्रस्तांची सोय, तालीम बंद. सप्टेंबरच्या सुरुवातीला गणपती. मग सहामाही, दिवाळीची सुट्टी म्हणजे दोघींची ताटातूट. डिसेंबरात गॅदरिंग. जानेवारीत प्रीलिम. मार्चमध्ये बोर्ड, आणि शेवटचा भूगोलाचा पेपर झालाच नाही कारण लॉकडाऊन लागला. शेवटच्या पेपरनंतर भेटून बोलायचं असं दोघींनी ठरवलं असेल आणि तो पेपरच झाला नाही तर? हे मी रचलेलं नाही, ते वर्षच तसं होतं. म्हणून म्हणते की कॅलेंडर समोर लावून लिहा, प्लॉट डोकं खाजवून काढावा लागत नाही.

एक गोष्ट पुराबद्दल. पुरामुळे एक मुलगी दुसरीच्या घरी आठ-दहा दिवस राहायला येते हे सुचणं साहजिक आहे आणि ते घ्याच, लव्हस्टोरीला असं एका घरात अडकणं फार उपयोगी पडतं. पण त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, लोकांची जनावरं गेली, घरं चिखलाने भरली. त्यामुळे पाऊस पडतोय आणि दोघी खिडकीत चहा पितायत असला रोमँटिक पूर लिहू नका. जिचं घर पाण्यात आहे ती मुलगी रात्री झोपत नाही, फोनची बॅटरी जपून वापरते, आजी कुठल्या कॅम्पमध्ये आहे याची चौकशी करत असते. तिच्या शेजारी दुसरी जागी राहते एवढंच लिहा, प्रेम त्यातच दिसतं.

नाटक कुठलं करतायत हे सगळ्यात जास्त विचार करून ठरवा

इथे बहुतेक जण आळस करतात. कादंबरीत "त्यांचं नाटक बसत होतं" एवढंच असतं आणि कुठलं नाटक, कुणाची भूमिका, काय वाक्यं याचा पत्ताच नसतो. नाटक नीट निवडलंत तर ते प्रत्येक प्रकरणात तुमच्या मदतीला येतं.

मी गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' घेईन. एक तर देवल गेले १९१६ साली, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे वाक्यं, पदं बिनधास्त छापता येतात. जिवंत लेखकाचं नाटक घेतलंत तर दोन ओळी छापायलाही परवानगी काढावी लागेल, ते लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे देवल हरिपूरचे, सांगलीच्या अगदी लगत, जिथे कृष्णा-वारणेचा संगम आहे आणि हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, होती. आणि तिसरं म्हणजे नाटकाची गोष्ट. अश्विनशेठचं रेवतीवर प्रेम आहे. अश्विनशेठची तसबीर रेवतीकडून रस्त्यात पडते, ती फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला सापडते, आणि मग जो तो ज्याच्या त्याच्यावर संशय घेत सुटतो. देवलांचं हे आधी गद्य नाटक होतं, त्याच्या नावातच तसबिरीचा घोटाळा होता, पदं नंतर आली.

आता मुलींच्या शाळेत हे बसवलं की अश्विनशेठ मुलगीच करणार. आणि तसबिरीच्या जागी आजच्या मुलींच्या हातात काय असतं ते तुम्हाला माहितीय. तालमीत कुणीतरी मोबाइलवर फोटो काढते आणि तो वर्गाच्या ग्रुपवर जातो. नाटकातला घोटाळा नाटकाबाहेर सुरू होतो. फक्त एक फरक आहे आणि माझ्या मते हाच कादंबरीचा कणा आहे: देवलांच्या नाटकात सगळे संशय खोटे निघतात म्हणून शेवट गोड होतो, इथे संशय खरा आहे. खरा आहे आणि तरी त्यात वाईट काही नाही. हे वाचणारीला पोचवायचं, तेही एकाही पात्राच्या तोंडी भाषण न घालता.

अजून एक. रेवती नायकिणीची मुलगी आहे, आणि अश्विनशेठला तिच्याशी लग्न करायचंय. शाळेच्या गॅदरिंगला बाई हा भाग कापतीलच, "पालक बसलेले असतात गं". खाडाखोडीची ती स्क्रिप्ट, पेन्सिलने मारलेल्या रेघा, आणि एखादी मुलगी घरी मूळ पुस्तक वाचते आणि विचारते की बाई हे का काढलं. कुणावर प्रेम करायचं हे लोक ठरवतात हा प्रश्न आपला आपण नाटकातून वर येतो, तुम्हाला वेगळा मांडावा लागत नाही.

दोघी कोण

एक आरती, हरिपूरची, वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. उंच, आवाज मोठा, म्हणून अश्विनशेठ. दुसरी शर्वरी, सांगलीतल्याच विश्रामबागची, आई बँकेत, गाणं शिकते, म्हणून रेवती. यात लगेच गरीब-श्रीमंत असं ठोकळेबाज करू नका, पण फरक ठेवा, कारण तालमीत तो फरक रोज ऐकू येतो. बाई आरतीचा 'ण' सुधारत बसतात, "पानी नाही पाणी", आणि तेही देवलांच्या गावच्या मुलीचा! मराठी नाटकात मुख्य भूमिका कुणाला मिळते आणि चार शिपाई, दोन नोकर कुणाला मिळतात यात जात आणि बोली किती आहे हे शाळेत नाटक केलेल्या प्रत्येकीला माहीत असतं. शर्वरी आरतीची वाक्यं बसवून घेते, डबा खायच्या सुट्टीत, जिन्याखाली, तेव्हा ती सुधारत असते का शिकत असते? एखाद्या दिवशी शर्वरीने स्वतःहून आरतीसारखं बोलायचा प्रयत्न करावा आणि आरतीला ते चिडवणं वाटावं, असं भांडण मी नक्की घालीन. प्रेमात पडलेल्या मुलींचं पहिलं भांडण असल्याच गोष्टीवरून होतं.

सांगली-कोल्हापूरकडच्या मुली "मी जातो", "मी आलो" असंच बोलतात हे बाहेरच्यांना नवीन असतं. लिहिताना हे वापरा पण जपून. आरती "मी येतो" म्हणते म्हणून ती तशी आहे असा इशारा वाचकाला देऊ नका, तिथल्या सगळ्याच मुली तसं बोलतात, तिची आईसुद्धा. मजा वेगळीकडे आहे. वर्गात बाई तिला "जाते म्हण" सांगतात आणि तालमीत मिशी लावून तीच "जातो" म्हणते तेव्हा टाळ्या पडतात. कादंबरी आरतीच्या तोंडून, तिच्या बोलीत सांगितलीत तर हे पानोपानी येईल. माझी शिफारस तीच आहे, प्रमाण भाषेतला निवेदक ठेवलात की आरती परत बाजूला पडते.

आणि तिसरी एक हवीच, प्रॉम्प्टर. तिला मुग्धा म्हणा. विंगेत वही घेऊन बसलेली, सगळ्यांची वाक्यं पाठ, कोण कुठे अडखळतं, कोण कुणाकडे बघताना वाक्य विसरतं हे सगळ्यात आधी तिला कळतं. ही मुलगी चांगली ठेवायची की चुगलखोर हे तुम्ही ठरवा, मी चांगली पण उतावळी ठेवीन.

प्रेम तालमीच्या कामातून लिहा

हा भाग नीट वाचा, कारण इथेच कादंबरी जमते नाहीतर फसते. "तिला बघून हृदयाचे ठोके वाढले" हे कुणालाही लिहिता येतं. तुमच्याकडे तालीम आहे, तिच्यात करण्यासारखी शंभर कामं आहेत, प्रत्येक कामात दोघींना एकत्र आणता येतं आणि प्रत्येक वेळी कारण नाटकाचं असतं.

पहिलं वाचन. गोल करून बसलेल्या मुली, झेरॉक्सचे कागद, रेवतीचं वाक्य आलं की सगळ्या खिदळतात. इथे दोघींना काही वाटत नाही, वाटू देऊ नका, फार लवकर होईल.

मग मूव्हमेंट. फरशीवर खडूने मार्किंग, इथे दार, इथे लेव्हल, इथून एन्ट्री. बाई म्हणतात तीन पावलं पुढे ये, आरती दोनच येते. का दोनच? वाचक मोजायला लागतो. महिन्याभराने ती तिसरं पाऊल टाकते तेव्हा तुम्हाला एक शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पाठांतर. एकमेकींची वाक्यं पाठ होणं ही फार जवळिकीची गोष्ट आहे. आरतीला शर्वरीची वाक्यं येतात, शर्वरी ब्लँक झाली की प्रॉम्प्टरच्या आधी आरतीचे ओठ हलतात. मुग्धाला पहिला संशय इथे येऊ द्या.

मिशी. स्पिरिट गमने चिकटवायची, कुणीतरी समोर बसून हनुवटी धरून चिकटवावी लागते, हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. पाच मिनिटं चेहरा इतका जवळ आणि दोघींनाही सबब आहे. हा प्रसंग मी लांबवीन, दोन-तीन पानं तरी.

आणि लाइटची तालीम. ज्यांनी नाटक केलंय त्यांना माहितीय की लाइट सेट करताना नटांना नुसतं उभं राहावं लागतं. 'कर हा करी धरिला शुभांगी' हे पद चालू असताना अश्विनशेठने रेवतीचा हात धरलाय, एरवी बाई "बास, पुढे" म्हणतात आणि हात सुटतो. पण लाइटवाले दादा वर स्टूलवर चढलेत, स्पॉट डावीकडे जातोय, डिमर नीट चालत नाहीये, आणि ते ओरडतात, "हलू नका गं दोघी, तसंच थांबा." पंधरा-वीस मिनिटं हात हातात. तळहाताला घाम येतो, कुणीच सोडत नाही. दादांना फक्त प्रकाश दिसतोय. कादंबरीचा मध्य इथे आहे, आणि तो फोटो इथेच काढला जातो.

एवढं असताना चुंबनाची घाई करायची गरजच पडत नाही. तशीही पात्रं पंधरा-सोळा वर्षांची आहेत, वाचकही तेवढेच, शरीराची वर्णनं नकोतच, कायद्याने नको आणि गोष्टीलाही नको. हात, नजर, वाक्य विसरणं, स्क्रिप्टच्या समासात लिहिलेलं काहीतरी, जाताना सायकल थोडी हळू चालवणं, याच्यात या वयाचं प्रेम पूर्ण मावतं.

एक सराव सांगते. शाळेत नाट्यछटा स्पर्धेला दिवाकरांच्या नाट्यछटा पाठ केल्या असतील तुम्ही. एकच माणूस बोलतो, समोरच्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही पण कळतं. तुमचे महत्त्वाचे प्रसंग आधी तसे लिहून बघा. मिशीचा प्रसंग आरतीच्या बाजूने असा:

"हलू नको म्हणालीस न्हवं, मग तू कशाला हलायलीस? ... न्हाई, गुदगुल्या न्हाईत होत. ... वास गमचा हाय त्यो. ... डावी बाजू वर गेलीया काय? ... बघ की मग नीट, बघितल्याशिवाय कसं कळंल. ... काय? ... मी कुठं बघाय लागलोय तुझ्याकडं? ... बरं. न्हाई बघत. डोळं मिटतो. ... झालं? ... अजून न्हाई? ... असू दे. सावकाश कर."

शर्वरी काय म्हणाली ते लिहिलेलं नाही, तरी ऐकू येतंय ना? आता याच्यात शर्वरीची वाक्यं भरली तर निम्मी नकोशी वाटतील. ती काढून टाका.

काय करू नका

शेवटी मरण नको. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये, १९८१ साली, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा नावाच्या मुलीची भूमिका केली, त्यातली मित्राही कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करताना दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते, म्हणजे आपल्या रंगभूमीवर ही गोष्ट चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी आली होती आणि त्या काळात ते करायला छाती लागली असणार. पण तिचा शेवट मरणात होतो. तुमची वाचक पंधरा वर्षांची आहे, तिला कदाचित पहिल्यांदाच पुस्तकात स्वतःसारखं कुणी दिसतंय, आणि ते माणूस शेवटी मरतं असं तिच्या हातात देऊ नका. दुःख असू द्या, ताटातूट असू द्या, आई दोन महिने बोलत नाही असंही असू द्या. पण शेवटच्या पानावर दोघी जिवंत पाहिजेत आणि पुढचं आयुष्य आहे असं दिसलं पाहिजे.

बालगंधर्वांचा दाखला देऊन "आपल्या परंपरेत हे होतंच" असं सिद्ध करायला जाऊ नका. बालगंधर्व स्त्री भूमिका करायचे ती कला होती आणि त्या काळची गरजही, त्यावरून कुणाच्या मनातलं काही कळत नाही. तसंच मिशी लावली म्हणून आरतीला मुली आवडतात असंही नाही, तिला शर्वरी आवडते, मिशी नसतानाही. एखादं पात्र, समजा शाळेतल्या एखाद्या जुन्या बाई, बालगंधर्वांच्या शालूची आठवण सांगतात एवढं ठीक आहे, त्यापुढे जाऊ नका.

३७७ चं लेक्चर नको. बातमी म्हणून येऊ द्या, घरच्या टीव्हीवर, अर्धं वाक्य, मग रिमोट.

शिव्या, चिडवणं वर्गात असतंच, ते पूर्ण गाळलंत तर खोटं वाटेल. पण प्रत्येक पानावर घालू नका, वाचणारीला ते रोज ऐकावंच लागतं. एकदा, नेमक्या जागी, आणि ऐकणारीच्या बाजूने लिहा.

घरचे आणि बाई

खलनायक आई-वडील फार सोपे असतात. मराठी घरात खरा अडथळा कुठून येतो माहितीय का? "दहावी आहे, नाटकं पुरे." एवढंच. प्रेमाचा विषय कुणी काढतच नाही, अभ्यासाचं कारण पुढे करून तालीम बंद केली जाते, क्लासची बॅच बदलली जाते, फोन काढून घेतला जातो, आणि मुलीला शेवटपर्यंत कळत नाही की आईला खरंच मार्कांची काळजी होती की तिने तो फोटो बघितला होता. हे न कळणं तसंच ठेवा. माझ्या मते शर्वरीच्या आईने फोटो बघितलेला असतो आणि ती तीन आठवडे गप्प असते, कारण तिला बोलायला शब्द नाहीत. आईची बाजू समजून घ्यायची असेल तर चेतन दातारांचं 'एक माधवबाग' हे नाटक मिळवून वाचा, आपला मुलगा गे आहे हे कळलेल्या आईची ती गोष्ट आहे.

आरतीच्या घरी वेगळं. पुरानंतर भिंतींचा ओलावा गेलेला नाही, घरात माणसं थकलेली आहेत, आरतीच्या नाटकाकडे बघायला कुणाला वेळ नाही. आज्जी मात्र विचारते, "ती गानं म्हणनारी पोरगी का येईना झालीया?" आज्जीला किती कळलंय ते सांगू नका.

बाईंबद्दल थोडं. नाटक बसवणाऱ्या बाई सगळं समजणाऱ्या देवी करू नका, त्या ग्रुपवरचा फोटो बघून घाबरतात, आधी नाटकच रद्द करावं असं त्यांच्या मनात येतं, भूमिका बदलायचा विचार करतात. एक प्रसंग हवाच जिथे त्या दुसऱ्या मुलीला अश्विनशेठ करून बघतात आणि तालीम पडते, पदाच्या वेळी स्टेजवर काहीच घडत नाही, बाईंना नाटकवाली म्हणून ते सहन होत नाही आणि त्या आरतीला परत बोलावतात. हेडबाईंना काय सांगायचं ते मग त्यांचं त्या बघतात. नाटकावरचं प्रेम माणसाला धीर देतं ते असं कामातून दाखवा.

आता मुग्धा. फोटोनंतर ती मदत करायला म्हणून शर्वरीच्या आईशी बोलायला जाते. चांगल्या मनाने! आणि इथे कादंबरीने ठाम राहायला पाहिजे की हे सांगायचा हक्क मुग्धाचा नव्हता. कुणाला, कधी, किती सांगायचं हे जिचं आहे तीच ठरवणार. शर्वरीने मुग्धावर चिडावं, खूप चिडावं, आणि मुग्धाने माफी मागितली तरी लगेच सगळं ठीक होऊ नये. प्रयोगाच्या दिवशी मुग्धा विंगेत वही घेऊन बसलेली असते आणि शर्वरीला तिच्याकडूनच वाक्य घ्यावं लागतं, तेवढी समजूत पुरे.

प्रयोग, शेवट आणि नंतरचं काम

गॅदरिंगचा प्रयोग लिहिताना हॉलमधला गोंधळ लिहा, मागे रडणारी लहान पोरं, माइकची शिट्टी, तिसरी घंटा, पडद्यामागे नारळ, एकीचा गजरा सुटलेला. नाटक थोडं चुकू द्या, पद मात्र होऊ द्या. टाळ्यांनी सगळ्यांची मनं बदलली असा शेवट करू नका, पालक फोटो काढतात, भडंग खातात, घरी जातात. वर्गातल्या दोन मुली बोलायच्या बंद झाल्या होत्या त्यातली एक मेकअप पुसायला खोबरेल तेल पुढे करते, एवढा बदल खरा वाटतो.

मग जानेवारी, प्रीलिम, अभ्यास, मार्च, रद्द झालेला पेपर. लॉकडाऊनमध्ये एक विश्रामबागला, एक हरिपूरला, मधलं अंतर सायकलने काहीच नाही पण जाता येत नाही. फोनवर काय बोलतील? माझा शेवट असा असता की दोघी फोनवर संशयकल्लोळची वाक्यं म्हणतात, भूमिका बदलून, आरती रेवती आणि शर्वरी अश्विनशेठ, आणि मध्येच एक वाक्य असं येतं जे देवलांनी लिहिलेलं नाही. ते कुठलं ते तुम्ही शोधा.

लांबी पंचवीस ते पस्तीस हजार शब्द ठेवा, दहावीतली मुलगी दोन-तीन रात्रींत लपून वाचू शकेल एवढीच. प्रकरणं छोटी. व्हॉट्सअ‍ॅप चॅट घातलंत तर देवनागरीत घाला आणि थोडंच, पानभर चॅट दोन वर्षांत जुनं दिसतं.

पहिला खर्डा झाला की सांगलीकडच्या कुणाला तरी बोलीसाठी वाचायला द्या, "हाय की" "न्हवं" कुठेही फेकलं की बोली होत नाही. आणि मुलींवर प्रेम करणाऱ्या दोन-तीन मोठ्या बायकांना द्या, ज्या मराठी शाळेत शिकल्यात, त्या सांगतील कुठे तुम्ही उगाच घाबरून लिहिलंय. मग मुलांना मोठ्याने वाचायला द्या, नाटकासारखं, वाटून. कुठे अडखळतात, कुठे उगाच हसतात, कुठे एकदम गप्प होतात ते पेन्सिलने खूण करत जा. अडखळतात तिथलं वाक्य बदला, गप्प होतात तिथे हात लावू नका.

छापायला देताना आधी एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून कुमारांच्या मासिकाकडे किंवा दिवाळी अंकाकडे पाठवून बघा, मिशीचं प्रकरण चांगलं, ते एकटं उभं राहतं. संपादक "मुलींची घट्ट मैत्री असं करूया का" म्हणाले तर नाही म्हणा, नम्रपणे पण नाही म्हणा, आणि दुसरीकडे पाठवा. पुस्तक झालं की शेवटच्या पानावर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि कव्हरवर फार ओरडून काही लिहू नका, मुलीला ते पुस्तक दप्तरात घालून घरी न्यायचंय.